बरोबरीत सुटलेला डाव जिंकता आला असता का? ५२व्या चालीचा शोध

आपल्या प्रश्नाचे थेट उत्तर आधी देतो आणि त्यामागची कारणे मग सविस्तर मांडतो. होय, आपला बुद्धिबळाचा डाव जिंकता आला असता. मात्र ती संधी ६४व्या चालीला नव्हती. ती ५२व्या चालीला, एकाच चालीपुरती आली होती, आणि चाली तपासणाऱ्या संगणकीय प्रोग्रामच्या, म्हणजे इंजिनच्या, ज्या आकड्याकडे ‘इंजिनची गडबड’ म्हणून दुर्लक्ष करा असे आपल्याला सांगण्यात आले, तोच त्याच्या संपूर्ण आलेखातील सर्वांत विश्वासार्ह आकडा होता.

आपण पाठवलेली माहिती थोडक्यात अशी. ठाण्यात नौपाड्यातील एका सभागृहात झालेल्या आठवडाअखेरच्या स्पर्धेत आपण पांढऱ्या मोहऱ्यांनी खेळत होता. प्रत्येकाला एक तास आणि प्रत्येक चालीमागे ३० सेकंद अशी वेळमर्यादा होती. ५१ चालींनंतर पटावर पाचच सोंगट्या उरल्या होत्या. पांढऱ्याचा राजा ई४ वर, प्यादे ई३ वर आणि हत्ती डी१ वर होता (अक्षर म्हणजे उभी पट्टी, आकडा म्हणजे आडवी रांग). काळ्याचा राजा ई७ वर होता आणि त्याने नुकताच आपला हत्ती एच८ वरून डी८ वर आणून हत्तींच्या मारामारीचा, म्हणजे दोन्ही हत्ती एकमेकांबदली मारण्याचा, प्रस्ताव ठेवला होता. ‘एका प्याद्याचा राजा-प्यादे डाव बरोबरीतच सुटतो’ या समजुतीने आपण मारामारी टाळून हत्ती ए१ वर नेला, काळ्याने हत्ती डी६ वर आणला, आणि ७१व्या चालीला तीच ती स्थिती पुन्हा पुन्हा येत राहिल्याने आपण हात मिळवलेत. नंतर तलावपाळीवर बसून मित्रांनी खिशातल्या पटावर डाव लावला आणि ६४व्या चालीला ई६ वर प्यादे ढकलण्याची घाई झाली, असा निष्कर्ष काढला. कोपरखैरणेला परत जाताना आपण गाडीतच मोबाइलवरील इंजिन लावले, तेव्हा ३१व्या चालीला जवळजवळ दोन प्याद्यांचे, ५२व्या चालीला एकदम सहाहून अधिक आणि ६४व्या चालीला किंचित असे पांढऱ्याचे वर्चस्व दिसले. या तिघांपैकी खरी संधी कोणती, हा आपला प्रश्न आहे.

असा प्रश्न हाती घेताना एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की ठरवावी लागते. दोन्ही बाजूंनी निर्दोष खेळ झाला तर पटावरील कोणत्याही स्थितीचा निकाल तीनच प्रकारचा असतो: पांढरा जिंकतो, काळा जिंकतो किंवा बरोबरी होते. इंजिनचे दशांश चिन्हातले आकडे म्हणजे या तीनपैकी कोणता निकाल असेल याचा अंदाज आहेत. बरोबरीची स्थिती कोणाच्याही चांगल्या चालीने जिंकलेली होत नाही. ती समोरच्याच्या चुकीमुळेच जिंकलेली होते. तसेच जिंकलेली स्थिती आपोआप निसटत नाही, ती आपल्या चुकीने निसटते. म्हणून ‘जिंकता आला असता’ असे ज्या बरोबरीच्या डावाबद्दल खरोखर म्हणता येते, त्यात किमान दोन चुका असतात, आधी प्रतिस्पर्ध्याची आणि नंतर आपली. विश्लेषकाचे काम ही जोडी शोधण्याचे आहे. केवळ आपल्या चाली तपासणारा खेळाडू अर्धेच काम करतो, आणि आपल्या मित्रांचे नेमके तेच झाले.

पुराव्याचे ओझेही दोन्ही बाजूंना सारखे नसते, हे येथे नोंदवणे आवश्यक आहे. ‘येथे विजय होता’ असे म्हणणाऱ्याने काळ्याच्या प्रत्येक शक्य उत्तराला उत्तर दाखवले पाहिजे. ‘येथे बरोबरी होती’ असे म्हणणाऱ्याला मात्र पांढऱ्याच्या प्रत्येक प्रयत्नावर काळ्याची एकच पुरेशी चाल दाखवली तरी चालते. डाव संपल्यावरच्या चर्चेत बहुतेक जण आपल्याला सोयीचे वाटणारे एकच उत्तर प्रतिस्पर्ध्याच्या तोंडी घालतात आणि त्यावर विजय उभा करतात. त्या चर्चेत उत्साह असतो, मैत्री असते आणि त्या दोन्ही गोष्टी मला प्रिय आहेत, परंतु तो पुरावा नव्हे.

मी अशा डावांचे विश्लेषण नेहमी शेवटाकडून सुरुवातीकडे करतो. शेवटी सोंगट्या कमी असतात, त्यामुळे निश्चित उत्तर मिळते, आणि त्या निश्चित उत्तराच्या आधाराने एकेक चाल मागे सरकता येते. आपल्या डावात तर हे काम अधिकच सोपे आहे. सात किंवा त्याहून कमी सोंगट्यांच्या स्थितींचे टेबलबेस, म्हणजे प्रत्येक स्थितीचा आधीच काढून ठेवलेला निकाल देणारे संच, आज उपलब्ध आहेत. सिझिजी या नावाने ओळखला जाणारा सात सोंगट्यांचा संच २०१८ मध्ये पूर्ण झाला आणि तो इंटरनेटवर कोणालाही विनामूल्य वापरता येतो. टेबलबेस अंदाज सांगत नाही, निकाल सांगतो. आपल्या पाच सोंगट्यांच्या स्थिती त्यात अर्थातच आहेत. तरीही टेबलबेस ‘काय’ एवढेच सांगतो. ‘का’ हे आपल्याला पटावर समजून घ्यावे लागते, आणि पुढच्या स्पर्धेत उपयोगी पडते ते हे ‘का’च.

आता ६४वी चाल पाहू. त्या वेळी पांढऱ्याचा राजा डी५, प्यादे ई५ आणि हत्ती ए७ वर होता. काळ्याचा राजा ई८ वर आणि हत्ती बी६ वर होता. ही फिलिडोर या फ्रेंच खेळाडूच्या नावाने ओळखली जाणारी, अठराव्या शतकापासून अभ्यासली गेलेली बरोबरीची स्थिती आहे. काळ्याचा हत्ती सहाव्या रांगेवर उभा राहून पांढऱ्या राजाला पुढे येऊ देत नाही. पांढऱ्याने ई६ खेळल्याबरोबर सहाव्या रांगेवरची राजाची आश्रयाची जागा त्याच्याच प्याद्याने व्यापली जाते, आणि त्याच क्षणी काळा हत्ती बी१ वर उतरतो. पुढे राजा डी६ वर गेला तर डी१ वरून शह, ई५ वर आला तर ई१ वरून शह, एफ६ वर गेला तर एफ१ वरून शह. पांढऱ्या राजाला मागून येणाऱ्या शहांपासून लपायला जागा उरत नाही. आपल्या प्रतिस्पर्ध्याने हे अचूक खेळून दाखवले, त्याचे श्रेय त्याला दिले पाहिजे.

ई६ ऐवजी थांबून पाहिले असते तर? हत्ती सातव्या रांगेवर इकडेतिकडे हलवला तर काळाही आपला हत्ती सहाव्या रांगेवर हलवत राहतो. हत्ती सी७ वर आणि मग सी६ वर नेऊन या वेळी मारामारीचा आग्रह धरला असता, तर? समजा काळ्याने सी६ वर हत्ती मारला आणि पांढऱ्या राजाने तो परत मारला. आता प्यादे ई५ वर, पांढरा राजा सी६ वर, काळा राजा ई८ वर आणि काळ्याची चाल आहे. काळा राजा ई७ वर येतो. पांढरा डी५ वर आला की काळा डी७ वर येतो. ई६ चा शह दिला की तो ई७ वर, मग पांढरा ई५ वर आला की सरळ मागे ई८ वर, आणि बरोबरी अटळ. म्हणजे ६४व्या चालीला जिंकण्यासारखे काहीही नव्हते. मोबाइलवरील इंजिनने दाखवलेले किंचित वर्चस्व हे केवळ एका जास्तीच्या प्याद्याचे प्रतिबिंब होते. ई६ ही चूक नव्हती, कारण तिने निकाल बदलला नाही.  उलट रांग सोडून हत्ती भलत्याच ठिकाणी नेण्याची चूक अनेकांकडून होते, म्हणून प्रयत्न करून पाहण्यात आपले काहीच बिघडले नाही.

आता मूळ मुद्द्याकडे, ५२व्या चालीकडे वळू. हत्तीने डी८ वरचा हत्ती मारायचा, काळ्या राजाने तो परत मारायचा, आणि आता पटावर पांढरा राजा ई४, पांढरे प्यादे ई३, काळा राजा डी८ आणि खेळी पांढऱ्याची. हा डाव बरोबरीचा आहे की जिंकलेला, हे मोजून पाहावे लागत नाही. ते कळीच्या घरांवरून एका नजरेत सांगता येते. प्यादे दुसऱ्या, तिसऱ्या किंवा चौथ्या रांगेवर असेल आणि ते पटाच्या कडेचे नसेल, तर त्याच्या दोन रांगा पुढची तीन घरे कळीची असतात. ई३ वरच्या प्याद्यासाठी ती डी५, ई५ आणि एफ५ ही घरे आहेत. पांढऱ्या राजाने यांपैकी एक घर गाठले, की चाल कोणाचीही असो, डाव जिंकलेला असतो. पांढरा राजा ई४ वर आहे, चाल त्याची आहे, आणि ही तिन्ही घरे त्याच्यापासून एका पावलावर आहेत.

पुढचे खेळून पाहू. ५३व्या चालीला राजा ई५ वर जातो. काळ्याचे सर्वांत चिवट उत्तर म्हणजे राजा ई७ वर आणून समोरासमोर उभे राहणे, म्हणजेच ऑपोझिशन घेणे. आता पांढऱ्याला राजा हलवावा लागला असता तर काळा पुन्हा समोर येत राहिला असता. परंतु पांढऱ्याकडे एक राखीव चाल आहे: ५४व्या चालीला प्यादे ई३ वरून ई४ वर जाते. त्या एका शांत चालीने खेळी काळ्यावर येते आणि त्याला बाजूला सरकावेच लागते. राजा डी७ वर गेला तर पांढरा राजा एफ६ वर शिरतो. काळा ई८ वर धावला तर पांढरा ई६ वर येऊन समोर उभा राहतो. काळा डी८ वर गेला तर पांढरा एफ७ वर, आणि तेथून प्याद्याची वाट वजीर होईपर्यंत मोकळी आहे. काळा उजवीकडे एफ७ वर सरकला तर हेच सर्व डी६ वरून आरशातल्यासारखे घडते. ५३व्या चालीला काळ्याने ई७ सोडून दुसरे काही खेळले तरी पांढरा स्वतःच ऑपोझिशन घेतो आणि काम आणखी सोपे होते. इंजिनला हे सर्व क्षणार्धात दिसते, म्हणून आलेखात त्या एका चालीपुरता उंच सुळका आला. आपण हत्ती ए१ वर नेलात, काळ्याचा हत्ती डी६ वर बसला आणि आलेख खाली आला. यात गडबड कोठेही नाही.

येथे मला आपल्या खेळातील एका गोष्टीचे मनापासून कौतुक करावेसे वाटते. आपल्या स्कोअरशीटवरून दिसते की, ४५ ते ५१ या चालींत आपण प्याद्याला हात न लावता राजा पुढे आणलात. बरेच खेळाडू अशा वेळी ‘प्रगती’ म्हणून प्यादे आधी ढकलतात. तेच प्यादे ई४ वर, पांढरा राजा ई५ वर, काळा राजा ई७ वर आणि चाल पांढऱ्याची, अशी स्थिती असती तर ती निव्वळ बरोबरी आहे, कारण राखीव चाल आधीच खर्च झालेली आहे. विजयासाठी लागणारी सर्व तयारी आपण केली होती. अडले ते एका सर्वसाधारण वाक्यापाशी. ‘एका प्याद्याचा राजा-प्यादे डाव बरोबरीत सुटतो’ हे वाक्य बचाव करणारा राजा वेळेवर समोर आला तरच खरे असते. हल्ला करणारा राजा प्याद्याच्या पुढे असेल तर बहुतेक वेळा ते खोटे ठरते. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या, गुणांकन मिळवलेल्या खेळाडूंमध्येही हा समज मला वारंवार आढळतो, आणि त्याचे कारण असे की लहानपणी आपण बरोबरी कशी वाचवायची हेच आधी शिकतो.

दुसरी चूक, म्हणजे कालक्रमाने पहिली, काळ्याची. ५१व्या चालीला त्याचा हत्ती एच८ वर होता. तो तेथून एच६ वर आणला असता तर सहाव्या रांगेवरचा बचाव तेव्हाच उभा राहिला असता आणि बरोबरी कायम राहिली असती. त्याने मारामारीचा प्रस्ताव ठेवला, बहुधा आपल्यासारख्याच समजुतीने. चुकांची जोडी पूर्ण झाली: ५१वी काळ्याची, ५२वी आपली. दोन्ही खेळाडूंनी एकच चुकीचा नियम मानला आणि म्हणूनच पटावर काही घडले आहे असे दोघांनाही जाणवले नाही.

इंजिनच्या आकड्यांविषयी थोडे अधिक लिहिणे भाग आहे, कारण ठाणे आणि नवी मुंबईतील स्पर्धांनंतर मुले आणि पालक परतीच्या गाडीतच आलेख उघडून बसतात आणि त्यातील सर्वांत उंच ठिपक्याला ‘घालवलेला विजय’ म्हणतात. स्टॉकफिश या इंजिनने डिसेंबर २०२२ मधील १५.१ या आवृत्तीपासून आपली मोजपट्टी बदलली. त्यात एक पूर्ण गुण म्हणजे इंजिन स्वतःशीच खेळले तर तो डाव जिंकण्याची शक्यता सुमारे निम्मी, असा अर्थ ठरवण्यात आला. म्हणजे एकचा आकडादेखील ‘जिंकलेला डाव’ सांगत नाही. विरुद्ध रंगांच्या घरांवरील उंटांच्या डावांत, किंवा काळ्याने अभेद्य तटबंदी उभारलेल्या स्थितींत, दीडचा आकडा तासन्‌तास तसाच राहतो आणि विजय कधीच येत नाही. म्हणून माझी कसोटी अशी असते: सुचवलेल्या मार्गाने आठ-दहा चाली पुढे जावे आणि आकडा वाढतो का ते पाहावे. तो वाढत गेला आणि शेवटी एखादी ठोस गोष्ट, म्हणजे मोहरा, प्याद्याची बढती किंवा मात, हाती लागली तर विजय होता. तो तेथेच घुटमळत राहिला तर बहुधा नव्हता.

विजय होता हे सिद्ध झाल्यावरही एक प्रश्न उरतो: तो माणसाला पटावर सापडण्याजोगा होता का? लंडनमधील २०१८ च्या विश्वविजेतेपदाच्या लढतीचा सहावा डाव याचे उत्तम उदाहरण आहे. विश्वविजेत्या कार्लसनविरुद्ध काळ्या मोहऱ्यांनी खेळणाऱ्या आव्हानवीर कारुआनाला ६८व्या चालीला विजयाचा मार्ग उपलब्ध होता, हे संगणकांनी डाव सुरू असतानाच दाखवले. परंतु त्या मार्गात उंट एच४ वर नेऊन पुढे घोडा जी१ या कोपऱ्यालगतच्या घरात, जेथून त्याला बाहेर पडता येणार नाही असे वाटते, स्वतःहून अडकवून घ्यायचा होता. डाव ८० चालींत बरोबरीत सुटला आणि कारुआनाला कोणी गंभीरपणे दोष दिला नाही. याउलट दुबईतील विश्वविजेतेपदाच्या लढतीत ३ डिसेंबर २०२१ रोजी झालेला कार्लसन आणि नेपोम्नियाची यांचा सहावा डाव १३६ चाली चालला. शेवटी कार्लसनकडे हत्ती, घोडा आणि दोन प्यादी होती, समोर एकटा वजीर होता, आणि टेबलबेसनुसार ती स्थिती बरोबरीची होती. १३०व्या चालीला वजीर ई६ वर गेला तेव्हाच ती हरलेली झाली. पहिल्या डावात असलेला विजय मिळाला नाही, दुसऱ्यात नसलेला विजय समोरच्याच्या थकव्यातून निर्माण झाला. या निकषावर आपली ५२वी चाल स्पष्टपणे सापडण्याजोगी होती. घड्याळात सहा मिनिटे होती, मोजायच्या चाली पाच-सहाच होत्या आणि लागणारे ज्ञान प्राथमिक पुस्तकातले आहे.

३१व्या चालीबद्दल माझे मत वेगळे आहे. इंजिन तेथे उंटाचा बळी सुचवते, मी तो मार्ग दोन्ही बाजूंनी खेळून पाहिला, आणि आकडा खरोखर वाढत जातो. म्हणजे संधी खरी होती. परंतु बळी दिल्यानंतर चौथ्या चालीला शह नसलेली, कोणतीही थेट धमकी न देणारी हत्तीची एक चाल सापडली नाही तर पांढराच हरतो. एका तासाच्या डावात, मधल्या अवस्थेत, अशी चाल न दिसणे याला मी घालवलेला विजय म्हणणार नाही. तो मार्ग समजून घ्या, त्यातील हत्तीची चाल वहीत उतरवा, पण तिच्यासाठी मन खट्टू करून घेऊ नका.

७१व्या चालीला हात मिळवण्याबाबतही आपण विचारले आहे. तो निर्णय योग्य होता. ई६ नंतर प्यादे पुढे सरकण्याची शक्यता नव्हती, तीच स्थिती तिसऱ्यांदा आल्यावर काळ्याला बरोबरीचा हक्क मागता आला असता, आणि न मागता तो खेळत राहिला असता तरी प्याद्याची चाल किंवा मारामारी न होता ५० चाली झाल्या की पुन्हा तोच हक्क होता.

आता करायचे काम एवढेच. ५२व्या चालीची स्थिती पटावर मांडा आणि हत्तींची मारामारी करून पांढऱ्याकडून, मग काळ्याकडून खेळा. नंतर सर्व सोंगट्या एकेक पट्टी डावीकडे सरकवा. डी आणि सी पट्टीवर काहीही बदलत नाही. प्यादे बी३ वर आले की विजय कायम राहतो, पण काळा राजा कोपऱ्यात शिरल्यावर त्याची चालच बंद होऊन डाव बरोबरीत जाण्याचा धोका निर्माण होतो, तेव्हा शेवटच्या चाली सावकाश मोजाव्या लागतात. प्यादे ए पट्टीवर असेल आणि काळा राजा कोपऱ्यापर्यंत पोहोचत असेल, तर मात्र मारामारी करू नये. तेथे आपण ५२व्या चालीला केलेला नकार बरोबर ठरला असता.